आट्यांवरचा सफेदा

जानेफळच्या आसपास ज्याच्या विहिरीवर मोटर आहे आणि त्याला माणिकराव मिस्त्री माहीत नाहीत, असा माणूस शोधून सापडायचा नाही. उभा जन्म त्यांनी लोकांच्या मोटरी विहिरीतून वर काढण्यात आणि दुरुस्त करून पुन्हा खाली सोडण्यात घालवला. अंगानं किडकिडीत माणूस, पण पंजे असे रुंद की दुसऱ्याच कुणाचे उसने आणलेत असं वाटावं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत ते पांढराशुभ्र सदरा घालून पुढे चालत असत, आणि तिथंही कुणीतरी बाजूला घेऊन विचारायचाच, "मिस्त्री, आमची मोटर हवा धरून राह्यली. उद्या येता का?"

त्यांचं नाव होतं ते जॉइंटसाठी. पाइपाला पाइप जोडताना आट्यांवर सूत गुंडाळायचं, त्यावर सफेदा, म्हणजे घट्ट पांढरी लापी, थापायचा आणि पान्ह्यानं आवळायचं, हे काम सगळेच मिस्त्री करतात. पण माणिकरावांचा जॉइंट गळत नसे. ते आट्यांच्या खाचेखाचेतून सूत बसवत नेत, टोक दातानं तोडत आणि शेवटच्या वेढ्याखाली अंगठ्याच्या नखानं दाबून टाकत. आवळून झालं की बाहेर आलेला सफेदा एका बोटानं निपटून घेत आणि ते बोट पायजम्याला पुसत. मग म्हणत, "आता याच्यातून थेंब आला त मले बलाव." तशी वेळ कुणावर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

दुसरा त्यांचा कटाक्ष अर्थिंगचा. ज्याच्या स्टार्टरला अर्थिंगची तार नाही, त्याच्या मोटरला ते हात लावत नसत. शेतकरी कितीही विनवू दे. "जिवावर उदार झाला काय बे? करंटाले जायले वाट पाह्यजे का नाही? आधी तार गाड, मंग मले सांग." शिव्या खाऊनही लोक त्यांनाच बोलावत, कारण शिव्या फुकट नसत, हे लोकांना कळत होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी समता बुलढाण्याला एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तिनं लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घेतली, तेव्हा गावानं बरंच तोंड चालवलं. पोरीचं लग्नाचं पाहायचं सोडून बाप तिला फटफटी घेऊ देतो म्हणून. माणिकरावांनी पारावर एकदाच सांगितलं, "तुमच्या पोराईले सायकलचं पंक्चर काढता येत नाही. माही पोरगी इंजिनचा आवाज ऐकून सांगते काय बिघडलं ते. कोनी शिकवलं?" कुणी शिकवलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी ती बापाच्या मागं मागं विहिरीवर जायची आणि पान्हे हातात द्यायची. बाबांनी 'ठीक आहे' म्हटलं की ते ठीक असतं, हे तिनं तेव्हाच पक्कं धरलं होतं. घरात जनकाबाईही तसंच धरून होत्या. पाळण्याच्या दोरीपासून गॅसच्या नळीपर्यंत काहीही बसवलं की त्या आधी नवऱ्याकडे बघत, आणि त्यानं मान हलवली की मगच वापरत.

यंदा समतानं ठरवलं की पाऊसकाळ संपला की आईला मागं बसवून बोधगयेला जायचं. आणखी काही मुली आपापल्या गाड्यांवर बरोबर येणार होत्या. जनकाबाईंनी आधी कानांवर हात ठेवले, मग हळूच नवऱ्याला विचारलं, "अवो, जाऊ का?" माणिकराव म्हणाले, "जाय. गाडी मी पाह्यतो."

गाडीचं इंजिन हवेवर थंड होणारं. आपल्याकडच्या उन्हात, ओझं घेऊन, घाटात ते किती तापतं हे कळावं म्हणून समतानं अकोल्याच्या एका दुकानातून ऑइलचं तापमान दाखवणारं मीटर आणलं. हँडलवर बसणारी गोल तबकडी, आणि तिला वायरनं जोडलेला पितळी सेन्सर. इंजिनखाली ऑइल काढायचा जो बोल्ट असतो, त्याच्या जागी तो सेन्सर बसवायचा. काटा लाल रंगाकडे सरकला की गाडी सावलीत उभी करायची, एवढं साधं काम.

"मेहकरले धम्मरत्नच्या गॅरेजमध्ये बसवून घेते," समता म्हणाली.

माणिकराव खाटेवर बसले होते ते उठून उभे राहिले. "धम्मरत्न? त्यानं कालपरवा पान्हा धरला. एक बोल्ट काढाचा अन् दुसरा लावाचा, याच्यासाठी मेहकर? मी काय मेलो काय?"

"तसं नाही बाबा. हे जरा येगळं असते."

"आटे ते आटेच. पाण्याचे असो का तेलाचे."

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अंगणातल्या निंबाखाली काम सुरू झालं. समता शेजारी उकिडवी बसून पहिल्यासारखे पान्हे देत होती. तिनं एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली. "दुकानदारानं बजावून सांगतलं हाय, आट्यांवर काहीच लावाचं नाही. फक्त हे तांब्याचं वॉशर, अन् कोरडं आवळाचं."

"दुकानदार कधी विहिरीत उतरला होता काय?" माणिकराव हसत म्हणाले, पण तिनं सांगितलं तसंच, कोरडंच आवळलं. वायर वर नेली, तबकडी हँडलवर बसवली. ऑइल भरलं. समता वायर बांधायच्या पट्ट्या आणायला बसस्टँडवरच्या दुकानात गेली.

आणि मग माणिकरावांनी वाकून पाहिलं तर सेन्सरच्या डोक्यावर तेलाचा एक थेंब जमला होता. वॉशर थोडंसं तिरपं बसलं होतं, एवढंच. ढिलं करून सरळ बसवलं असतं तर काम झालं असतं. पण त्यांनी तसा विचारच केला नाही. माणिकराव मिस्त्रीच्या जॉइंटमधून थेंब, आणि तोही स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या पोरीच्या गाडीवर! ती परत येईपर्यंत तो थेंब तिथं असता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी ऑइल पुन्हा घमेल्यात उतरवलं, सेन्सर काढला, घरातून सूत आणि सफेद्याची डबी आणली. हात आपोआप चालले. खाचेखाचेतून सूत, वरून आणि वॉशरलाही सफेदा, टोक दातानं तोडलेलं. आवळून झाल्यावर कडेला पांढरी रेघ दिसत होती. ती त्यांनी बोटानं निपटली, पायजम्याला पुसली, आणि नंतर, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. रॉकेलचा बोळा घेऊन ती कड पुन्हा घासली, पांढरं अजिबात दिसू नये म्हणून.

समता आली तेव्हा ऑइल भरून झालं होतं.

"थेंब?" तिनं विचारलं.

"हात लावून पाह्य."

तिनं खालून बोट फिरवलं. कोरडं. ती खुश झाली, आणि माणिकरावांनी तिच्याकडे न बघता हात धुतले.

गाडी सुरू केली. काटा थोडा उचलला आणि तिथंच बसला. संध्याकाळी समता मेहकरला जाऊन आली तरी तो त्याच्यावर गेला नव्हता. "बाबा, काटा लयच खाली राह्यते. इतकी गरमी हाय, अन् हा हालतच नाही."

"इंजिन धड असलं का काटा खालीच राह्यते. तुह्या इंजिनले काही झालं नाही म्हणून तू रडतं काय?"

ती हसली आणि घरात गेली. माणिकरावांनी सहज इंजिनच्या पत्र्यांजवळ हात नेला आणि झटकन मागं घेतला. तव्यावरून यावी तशी झळ होती. तबकडीवरचा काटा मात्र हिवाळ्यातल्या सकाळसारखा थंड दाखवत होता. ते क्षणभर उभे राहिले. आत काहीतरी टोचलं. पण ते टोचणं काय आहे हे पाहायचं म्हणजे सेन्सर पुन्हा काढायचा, आणि काढायचा म्हणजे ते सूत पोरीच्या डोळ्यांपुढे यायचं. त्यांनी गाडीवर कापड टाकलं.

पुढच्या आठवड्यात समता आईला मागं बसवून मामाकडे, धामणगाव बढेला निघाली. लांबच्या प्रवासाआधी आईला बसायची सवय व्हावी म्हणून. निघताना जनकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. माणिकरावांनी मान हलवली.

परतीच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन वाजला. पलीकडे जनकाबाई होत्या, आणि त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "अवो, आमी राजूर घाटात हाओत. गाडी एकदम बंद पडली. मांगचं चाकच थांबलं. पोरीनं कसं सांभाळलं तिलेच माहीत. मांगून ट्रक येऊन राह्यला होता..."

"लागलं काय?"

"लागलं नाही. कडेच्या दगडावर बसून हाओत."

घाट चढताना त्या एका भरलेल्या ट्रकमागं अडकल्या होत्या. उन्हाचा तडाखा, गाडीवर दोघी जणी, शिवाय मामानं दिलेल्या कुरड्यांच्या आणि पापडांच्या पिशव्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी रेटत होती. समतानं काट्याकडे पाहिलं होतं. तो खाली होता, म्हणून ती थांबली नाही. इंजिन आवळल्यासारखं वाटताच तिनं क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली. क्लच दाबायला थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे माणिकरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गाडी 'छोटा हत्ती' टेम्पोत घालून मेहकरला आणली. धम्मरत्न हा तिशीतला, गप्पिष्ट माणूस. त्याच्या गॅरेजवर नेहमी चारदोन जण चहा पीत बसलेले असतात. समता, जनकाबाई आणि माणिकराव तिघंही तिथं होते. "जयभीम काका," म्हणत त्यानं माणिकरावांना स्टूल दिलं आणि कामाला लागला. पिस्टन पकडला होता, हे त्यानं लगेच सांगितलं. "पण ताई, मीटर असून तुम्ही इतकी तापू कशी देली?"

"काटा वर गेलाच नाही."

"असं कसं होईल?" त्यानं ऑइल उतरवलं, सेन्सर फिरवला. सेन्सरबरोबर पिवळट पांढऱ्या चिखलात माखलेलं सूत बाहेर आलं. धम्मरत्ननं ते दोन बोटांत धरून उंच केलं आणि मोठ्यानं हसला. "अरे, हे पाहा बे! हे कोण्या पाणीवाल्यानं बसवलं? विहिरीची मोटर समजला काय?"

चहा पिणारे उठून बघायला आले. एक जण म्हणाला, "थेंब गळू नाही म्हणून बिचाऱ्यानं बंदोबस्त केला."

"थेंब नाही गळला, इंजिन गेलं," धम्मरत्न म्हणाला. "ताई, याले एकच वायर असते. दुसरी वायर म्हणजे इंजिनचं अंगच. मंधात हा सफेदा थापला, त करंटाले जायले वाटच नाही. काटा वर जाईल कसा?"

करंटाला जायला वाट. ही माणिकरावांचीच भाषा होती. हीच गोष्ट त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडून सांगितली होती.

समता त्या सुताकडे बघत होती. मग तिनं बापाकडे पाहिलं.

आणि माणिकराव बोलून गेले, "दुकानातूनच तसं लावून आलं असंल. आजकाल वापरलेला माल नवीन म्हणून देतात."

समतानं नजर पुन्हा त्या सुताच्या टोकाकडे वळवली. मग ती हळू म्हणाली, "हाव. असंल."

तिच्या त्या दोन शब्दांनी माणिकरावांना हायसं वाटायला हवं होतं. उलट स्टुलावर बसणंच त्यांना जड झालं. पोटात दुखतं असं सांगून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

त्यानंतर समता बुलढाण्याला गेली. फोन करायची, पण आईच्या नंबरवर. "बाबा बरे हायेत ना?" एवढं विचारायची आणि फोन ठेवायची. जनकाबाई तिच्याकडे दोन दिवस राहून आल्या आणि भाजी निवडता निवडता सांगू लागल्या, "तिच्या न्हाणीतला नळ लय गळे. तिनं नळवाला बलावला, त्यानं पाह्यता पाह्यता नीट केला."

"नळवाला? मले काऊन नाही सांगतलं?"

"मी काय जाणू? मी म्हटलं बी, तुह्या बापाले सांग. त म्हणे, राहू दे."

माणिकराव पाणी प्यायला उठले आणि पाणी न पिताच परत येऊन बसले. या घरातला गळका नळ दुसऱ्या माणसानं दुरुस्त केला, हे आजवर झालं नव्हतं.

कामावरही मन लागेना. एका शेतात स्टार्टरला अर्थिंग नव्हती. त्यांनी सवयीनं तोंड उघडलं, "जिवावर उदार झाला काय..." आणि अर्ध्यावरच थांबले. शेतकरी शिव्यांची वाट बघत उभा. माणिकरावांनी मुकाट्यानं पिशवीतून तार काढली आणि स्वतःच गाडून दिली. "तब्बेत बरी नाही काय मिस्त्री?" शेतकऱ्यानं काळजीनं विचारलं.

मग एके सकाळी, जनकाबाई पुन्हा समताकडे गेलेल्या असताना, धम्मरत्नचा फोन आला. "काका, इंजिन तयार हाय. ताईले सांगतलं, आज येऊन राह्यल्या. अन् हो, त्या अकोल्याच्या दुकानदाराले मी चांगला झापला. तो पोराईच्या शपथा घेऊन राह्यला का डबा सीलबंद होता म्हणून. मी म्हटलं, खोटारड्या, सूत मी या हातानं काढलं. आमच्या मिस्त्री लोकाईच्या ग्रुपवर बी टाकून देतो, का याच्याकून कोनी माल घेऊ नका."

"टाकलं काय?" माणिकरावांनी विचारलं.

"संध्याकाळी टाकतो."

माणिकरावांनी पायात चपला घातल्या आणि मिळेल त्या गाडीनं मेहकर गाठलं. रस्ताभर ते मनात वाक्य जुळवत होते. धम्मरत्नला बाजूला घेऊन सांगू, म्हणजे चारचौघांत बोभाटा व्हायचा नाही. पण गॅरेजच्या दारात पोचल्यावर त्यांना ते हसू आठवलं, जे चारचौघांत झालं होतं. आणि त्यांचं खोटंही चारचौघांतच झालं होतं. चहा पिणारे आजही बसले होते.

"धम्मरत्न, तो पाणीवाला मीच," ते म्हणाले.

"कोनता पाणीवाला?"

"सफेदा लावणारा. त्या दुकानदारानं काही नाही केलं. पोरीनं दोनदा नाही म्हटलं होतं."

धम्मरत्न आधी हसला, थट्टा समजून. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याला कुठं बघावं कळेना. "काका... तुम्हाले त अर्थिंग आमच्यापेक्षा जास्त समजते."

"समजते. म्हणूनच सांगून राह्यलो. मले समजलं नाही असं नाही. मले पोरीच्या समोर थेंब नको होता."

चहा पिणारे एकमेकांकडे बघू लागले. एकानं कप खाली ठेवला. हसले असते तर माणिकरावांना सोपं गेलं असतं. "त्या दुकानदाराले फोन लाव," ते म्हणाले. धम्मरत्ननं लावला, आणि ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्याची माणिकरावांनी नाव सांगून माफी मागितली. दुकानदार तिकडून दोन-चार बरेच टोचणारे शब्द बोलला. ते त्यांनी ऐकून घेतले.

फोन ठेवून वळले तर समता आणि जनकाबाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे.

"समा," माणिकराव म्हणाले, "सूत मी लावलं होतं."

"माहीत हाय."

"कवापासून?"

"धम्मरत्न दादानं ते वर धरलं तवापासून. टोक दातानं तोडलेलं होतं, बाबा. मी लहानपणापासून पाह्यते."

"मंग तवाच काऊन नाही बोलली?"

"तुमीच म्हटलं ना, दुकानातून तसं आलं असंल म्हणून. एवढ्या लोकाईत मी तुम्हाले खोटं पाडू काय?" ती जरा थांबली. "इंजिनचं मले काही नाही. इंजिन होते दुरुस्त. पण मी मांगं आईले बसवलं होतं. तुमी मान हालवली म्हणून."

त्या संध्याकाळी इंजिनजवळून झटकन ओढून घेतलेला हात माणिकरावांना आठवला. तो त्यांनी पाठीमागं धरला. ती गोष्ट पोरीला अजून माहीत नव्हती. तीही त्यांनी सांगितली. सांगताना आवाज इतका खाली गेला की समताला पुढं सरकून ऐकावं लागलं. ऐकल्यावर तिनं एकदा आईकडे बघितलं.

धम्मरत्ननं नवं वॉशर घेतलं, कोरड्या आट्यांवर सेन्सर फिरवला. माणिकरावांनी कुणी न सांगताच टॉर्च हातात घेतला आणि त्याला खालून उजेड धरला. गाडी सुरू झाली, समता एक फेरी मारून आली. काटा सरळ वर चढत होता. जनकाबाई वाकून बघत होत्या, त्या दचकल्या. "अवं, हा त लय वर चालला!"

"चालू दे आई. आता खरं दाखवून राह्यला."

समतानं खालून बोट फिरवून पाहिलं, आणि धम्मरत्नला म्हणाली, "ठीक हाय ना, दादा?" माणिकरावांकडे तिनं पाहिलं नाही.

जनकाबाईंनी मात्र पाहिलं. इतक्या वर्षांची सवय, ती एका दिवसात कुठं जाते! साडीचा पदर खोचून त्या गाडीजवळ गेल्या आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अवो, बसू का मंग?"

माणिकरावांची मान हलायला निघाली होती. ती त्यांनी आवरली.

"मले नको विचारू," ते म्हणाले. "तिले विचार."

समतानं आईच्या हातात हेल्मेट दिलं. दोघी निघून गेल्या. माणिकराव एसटीनं जायला स्टँडकडे चालू लागले. बोटाला काहीच लागलेलं नव्हतं, तरी चालता चालता त्यांनी ते पायजम्याला पुसलं.